मोजून तीन खो

माझी मुलगी खो-खो खेळते, असं मी कंपनीत मोठ्या तोऱ्यात सांगायचो. ती पळते कमी आणि बसते जास्त, हे मात्र सांगत नव्हतो. इंदिरानगरातल्या मैदानावर दर रविवारी सकाळी दहा-बारा वर्षांच्या मुलींचे सामने व्हायचे. जिंकलं तरी पोहे, हरलं तरी पोहे, असा सगळा घरगुती मामला. त्यात डोकं फिरवून घेण्यासारखं काही नव्हतं. मी घेतलं.

पाठलाग करणाऱ्या संघातल्या आठजणी दोन खांबांमधल्या चौकोनांत बसतात आणि नववी पळते. तिने मागून थाप मारून खो दिला, तरच बसलेलीला उठता येतं. माझी मुलगी खांबापासून तिसऱ्या चौकोनात बसायची. अख्ख्या डावात तिला कधी एक खो मिळायचा, कधी तोही नाही. आजूबाजूच्या मुली सारख्या उठायच्या आणि ही बोटं जमिनीला टेकवून, मान इकडून तिकडे वळवत तयारच. अंबडच्या कारखान्यात दिवसभर पार्ट तपासून पास-नापास करणारा माणूस मी. मैदानाच्या भिंतीवर बसून तिचे खो मोजायला लागलो.

बायको म्हणायची, "अहो, तिला काही वाटत नाही, तुम्हालाच का एवढं वाटतं?"

तिलाही वाटतं, फक्त ती बोलत नाही, असं मी ठणकावून सांगायचो. तिला स्वतःला मी एकदाही विचारलं नव्हतं.

एका रविवारी सामना संपल्यावर सरांना गाठलं. सर मूळचे नांदगावचे, निव्वळ हौसेपोटी शिकवायचे, त्यामुळे आवाज चढवायला मला तोंड नव्हतं. तरी चढवला.

"सर, माझी मुलगी काय चौकोन राखायला येते का?"

"साहेब, बसणं पण खेळच हाय," सर म्हणाले. "लय नीट बसते ती. उठायला जरा टाइम लावते, तेवढं सुधरलं का मिळतीन खो. कोणाला कधी द्यायचा ते पोरींना कळतं."

"मग पोरींना सांगा ना तुम्ही. डावात तीन तरी द्या म्हणावं."

"बरं. सांगतो," सर म्हणाले.

मी घरी गेलो ते मोठा तीर मारल्यासारखा. बायकोला सगळं रंगवून सांगितलं.

पुढच्या रविवारी पहिला खो मिळाला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यालाही वाजवल्या. मग माझ्या लक्षात आलं. दोन्ही वेळा समोरच्या संघातली मुलगी पार दुसऱ्या टोकाला होती. माझी मुलगी उठली, मोकळ्या मैदानात धावली, पुढच्या मुलीला खो देऊन बसली. तेवढ्या वेळात पलीकडची दम खाऊन घेत होती. तिसरा खो हिच्या शाळेतल्या बाकावरच्या मैत्रिणीने दिला. देण्याआधी तिने सरांकडे बघितलं. तिसऱ्याला मी टाळ्या वाजवल्या नाहीत. डाव संपेपर्यंत चौथा खो आला नाही.

सामना हरलो. पोहे खाताना मुली नेहमीसारख्या कलकलाट करत होत्या, माझी मुलगी मात्र प्लेट घेऊन माझ्या स्कूटरपाशी येऊन उभी राहिली.

"पप्पा, तुम्ही सरांना सांगितलं होतं?"

"हो. तुझ्यासाठीच."

ती गुडघ्याची माती खरवडत राहिली. "माझी बाकावरची मैत्रीण मला आधी पण द्यायची खो. कधीतरी एखादाच. पण तेव्हा मला माहीत असायचं, तिला वाटतंय मी पकडीन."

मला कमालीची लाज वाटली. सारवासारव करायची म्हणून म्हणालो, "सरांना आजच सांगतो, हे बंद करा म्हणून."

"नको," ती म्हणाली. "मग तिने खराखुरा दिला, तरी मला वाटेल तुम्हीच सांगितलंय."