रेकॉर्डवरचं कुंकू

तबकडीकाकांच्या घरी चहा मिळायचा, पण हात धुतल्याशिवाय नाही. खांदेश्वरला ते आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारी राहायचे. सगळी नोकरी कळंबोलीच्या लोखंड बाजारात गेलेली, त्यामुळे धुळीशी त्यांचा उभा दावा. कुणाचं बोट त्यांच्या गाण्यांच्या रेकॉर्डच्या रेघांना लागलं, की हे लगेच ती धुवायला घ्यायचे.

त्यांची धुण्याची रीत ठरलेली होती. ट्रकच्या बॅटरीत घालतात ते पाणी, साबणाचा थेंब आणि काकींच्या जुन्या साडीचा मऊ तुकडा. पुसायचं ते रेघांच्या अंगानं, गोल. मधला कागद भिजू द्यायचा नाही. मग रेकॉर्ड वाळायला ताटाळ्यात उभी, आणि काकींची ताटं ओट्यावर. "मळ येळेवर काढा," ते मला बजावायचे, "नायतर सुई त्यो आत कोरती. मग कितीबी धुवा, उपेग नाय."

एका दसऱ्याला काकींनी घरातल्या यंत्रांची पूजा केली. मिक्सरला, इस्त्रीला, प्लेअरला हळदकुंकू लावलं आणि प्लेअरवरच्या रेकॉर्डलाही ओलं बोट टेकवलं. काका करवादले, "अगं, तिला कशाला?"

"गाती कोन? तीच न्हवं?" काकी म्हणाल्या आणि आरती घेऊन पुढे गेल्या.

पुढचा दसरा काकींनी पाहिला नाही. तेवढी रेकॉर्ड मग काकांनी धुतली नाही. संध्याकाळी दिवा लावला, की पंखा बंद करून तीच लावायचे. दुसऱ्या गाण्यात सुई कुंकवावर आली की खर्र व्हायचं, फेरा पुरा झाला की पुन्हा खर्र. "आली," असं पुटपुटत काका दाराकडे बघायचे. मीही बघायचो. खरं सांगतो, मला भीती वाटायची.

पुढे काकांचं करंजाड्याला मुलाकडे राहायला जायचं ठरलं. आदल्या दिवशी काकांनी मला बोलावलं. बॅटरीचं पाणी काढून ठेवलं होतं.

"नवं घर तिला ठावं नाय," ते म्हणाले. "हितं ताटकळत बसंल. मोकळी करतो."

त्यांनी सावकाश पुसलं. फडकं गुलाबी झालं. रेकॉर्ड वाळल्यावर त्यांनी ती प्लेअरवर चढवली.

दुसरं गाणं लागलं. खर्र. पुन्हा खर्र.

काकांनी डोळे पुसले. "कोरली गेलीया," ते म्हणाले. मग रेकॉर्ड पाकिटात घालून त्यांनी माझ्या हातात दिली. "तुमच्याकडं ऱ्हाऊ दे. हा मजला तिच्या वळखीचा हाय."

काका पुढे करंजाड्यातच वारले. मी अजून दिवेलागणीला ती रेकॉर्ड लावतो. भीती आता वाटत नाही. दुसरं गाणं यायच्या आत उठतो आणि दार उघडून ठेवतो.