जावयानं चमकवलेली सुरी

माझ्या कमरेला सुरी असते. चामड्याच्या म्यानात, उजव्या अंगाला. चाळीसेक वर्षं झाली असतील. आता गावातला कोणीही शेंबडा उठतो न विचारतो, "काका, कोणाचा मुडदा पाडाले निंगाले?" मग चारजण हसतात. त्यांना समजावणं मी सोडून दिलं आहे. अंगावर पातं न घेता रानात जाणारा माणूस हवा खायला गेला असं समजावं. वांग्याच्या पोत्याची सुतळी कापायची, ठिबकची नळी छाटायची, बैलाच्या खुरातला काटा कोरायचा, आणि दावं त्याच्या गळ्याला आवळलं तर एका झटक्यात तोडायचं. तेव्हा काय घरी विळी आणायला पळू?

मिटणारा चाकू मला चालत नाही. त्याच्या सांध्यात माती बसते न ऐन वेळी तो अर्धाच उघडतो. पातं मुठीतून सरळ निघालेलं पाहिजे.

अशी चौदा पाती माझ्या भिंतीला टांगलेली आहेत. एक बाकदार पातं जळगाव जामोदच्या बाजारात घेतलं, सातपुड्यातून उतरलेल्या एका माणसाजवळून. एक रापी आहे, चपला शिवणाऱ्या म्हाताऱ्यानं धंदा सोडला तेव्हा दिलेली. केळीचे घड उतरवायचे दोन विळे आहेत. बायको त्या भिंतीला खाटकाचं दुकान म्हणते. म्हणू दे. पण कमरेची सुरी त्या चौदात नाही. ती गावच्या लोहारानं माझ्यासमोर ट्रकच्या कमानपाट्यातून काढली होती. तो लोहार गेला. त्याच्या भट्टीच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे.

मी तिसरीत दोनदा बसलो न मग शाळेनं मला सोडलं की मी शाळेला, ते आता आठवत नाही. पण लोखंडाचं मला कळतं. पातं लाल करून पाण्यात बुडवलं की कडक होतं, त्याला पाणी देणं म्हणतात. ते पुन्हा जास्त तापलं की पाणी उतरतं, मग ते पातं आणि पत्र्याचा तुकडा सारखाच. म्हणून धार कुरुंदाच्या दगडावर लावायची, पाणी शिंपडत, सावकाश. आणि चांगलं पातं काळंच असतं, धारेपुरतं पांढरं. एवढंच ज्ञान आहे माझ्याजवळ, पण पक्कं आहे.

आता जावयाचं. जावई चांगला आहे हे आधी लिहून टाकतो, नाही तर पोरगी वाचून भांडेल. चिखलीला त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे, ट्रॉल्या बनवतो. धोंड्याच्या महिन्यात आम्ही त्याला जेवायला बोलावलं. पुरणाचे धोंडे केले, कपडे केले, ताट वाढलं. मी पंगतीत वाढायला निघालो तर बायको आडवी आली.

"काहो, जावयाले तूप वाढता का दम देता? काढा ते कमरेचं."

मी काढली. चाळीस वर्षांत तिचं एवढं एक ऐकलं. खुंटीला अडकवली. जेवणं झाली, मी पाहुण्यांसाठी वांगी तोडायला वावरात गेलो, परत येईपर्यंत जावई न पोरगी निघून गेले होते. खुंटी रिकामी.

"पाहुणे घेऊन गेले," बायको म्हणाली. "चकाचक करून आणतो म्हणाले. लय गंजली म्हणाले."

गंजली! तेल पिऊन पिऊन काळी झालेली माझी सुरी, त्याला गंज दिसला.

दोन दिवसांनी तो स्वतः घेऊन आला. कागदात गुंडाळलेली. कागद काढला न सुरी माझ्या हातात दिली. आमच्याकडे पातं हातात देत नाहीत, भुईवर ठेवतात, दुसऱ्यानं उचलायचं. तेही त्याला माहीत नाही. सुरी आरशासारखी चमकत होती, तिच्यात मला माझ्या मिशा दिसल्या. आणि धारेच्या कडेनं, टोकापासून मुठीपर्यंत, निळी झाक. मोराच्या मानेसारखी. कोरड्या ग्राइंडरवर धरली होती बेट्यानं, तापून पाणी उतरलं होतं तिचं. ठिणग्या उडाल्या असतील, त्याला वाटलं असेल, काय काम करून राह्यलो मी!

जावई समोर उभा, तोंडभर हसत. "कशी झाली, मामा?"

त्याच्या मागून बायकोनं डोळे मोठे केले. घरातल्या पोराला मी त्याच जागी लाथ घातली असती. पण जावई. वर्षातून तीनदा येणारा, ज्याच्या पायावर पाणी घालतो तो. मी म्हणालो, "छान. लय छान झाली, पाहुणे."

तो शब्द माझ्या तोंडून कसा निघाला याचा मला आजही राग येतो.

तो गेल्यावर मी बाभळीच्या डिखळीवर, वाळक्या फांदीवर, सुरी मारली. धार मुडपली. कागदासारखी. कुरुंदावर लावली, पुन्हा मारली, पुन्हा मुडपली. आठ दिवस मी जेवलो पण बोललो नाही. वावरात सुतळी तीन-तीनदा घासून तोडायची न मनात शिव्या द्यायच्या. त्या शिव्याही अर्ध्याच, कारण जावयाला पुरती शिवी देता येत नाही, ती फिरून पोरीला लागते.

नवव्या दिवशी पोरीचा फोन आला. "बाबा, सुरी चालते ना चांगली? ते सगळ्याईले सांगून राह्यले, मामाले लय आवडली म्हणून."

माझा बांध फुटला. "तुह्या नवऱ्यानं माही सुरी मारून टाकली! सांग त्याले!"

तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मोटरसायकल दारात. जावयाचं तोंड उतरलेलं. "मामा, पाणीच द्याचं असंन तर मी देतो ना. गॅस आहे माह्याजवळ."

"तुमी आता तिले हात लावू नका, पाहुणे."

बायको आतून धावत आली. पण मी मोटरसायकलवर त्याच्या मागं बसलो होतो. "बीबीच्या बाजारात चला."

बीबीच्या बाजारात एक फिरती लोहारीण बसते. नवरा भाता मारतो, घण ती मारते. विळे, खुरपी, कुऱ्हाडी. तिनं सुरी उचलली, उन्हात तिरपी धरली, नखानं धार पाहिली न माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, पांढऱ्या मिशा झाल्या तुह्या. हे कोण्या येड्याच्या हाती देल्ली व्हती?"

आजूबाजूला बाजारातली दहा-बारा माणसं. जावई माझ्या शेजारी, मीच शिवून दिलेल्या नव्या शर्टात. मी काही बोलणार तेवढ्यात तो म्हणाला, "मीच घासली, बाई."

"तू कोन?"

"जावई."

"हाव!" ती नवऱ्याकडे वळली. "पाह्यलं का, सासऱ्यानं धोंडे खाऊ घातले, यानं सासऱ्याचे दात पाडले."

बाजार हसला. माझे कान तापले. मला वाटत होतं त्याचा अपमान व्हावा, आणि झाला तेव्हा मला तो माझाच वाटला.

ती मग सरळ बोलली. "घासून घासून धार पातळ केली यानं. पाणी देतो मी. पन पातळ पातं पाण्यात चिरते कधी कधी. अशीच ठेवली तं भाजी चिराच्या कामाची हाये. द्याचं पाणी का नाई?"

भाजी चिरायची सुरी! बायकोच्या विळीशेजारी पडलेली!

"द्या," मी म्हणालो.

तिनं मुठीतली लाख तापवून पातं वेगळं काढलं. कोळशात सरकवलं. गोणपाटाची सावली केली, कारण उन्हात रंग ओळखू येत नाही. जावई उकिडवा बसून बघत होता, त्याच्या दुकानात असलं काही नव्हतं. रंग पिकल्या जांभळासारखा झाला, मग डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल. तिनं सांडशीनं उचललं न बादलीत सोडलं.

चर्र झालं. आणि त्या चर्रमध्ये एक बारीक 'टिक'.

तिनं वर काढलं. धारेपासून आत, बोटभर, केसाएवढी चीर. तिनं पातं भुईवर ठेवलं. मी उचललं नाही.

"मामा," जावई म्हणाला, "कमानपाटा आहे माह्याजवळ. याहून चांगली करून देतो."

मग मी बोललो. भर बाजारात, जावयाला, अरे-तुरेनं. म्हणालो, तुह्या हाती मशीन आलं म्हणून तुले अक्कल आली का बे? विचारल्याबिगर दुसऱ्याच्या खुंटीवरची वस्तू उचलतो, काळं दिसलं की घासतो, घासलं की चमकते, चमकलं की झालं! करणाऱ्यानं त्यात काय घातलं हे विचारलं का कोणाले? लोहारणीचा नवरा भाता थांबवून ऐकत होता. माझ्या तोंडातून थुंकी उडत होती.

जावयानं सगळं ऐकून घेतलं. मग तो उभा राहिला. पहिल्यांदा त्याचा आवाज चढला.

"मंग त्या दिवशी छान काऊन म्हटलं, मामा?"

तो थांबला नाही.

"तुमी छान म्हटलं म्हणून मी दुकानावर पाटी लावली. विळे, कोयते चमकवून मिळतील. तुमच्यासारख्या जाणत्या माणसानं छान म्हटलं, मले वाटलं जमलं आपल्याले. अकरा जणांचे घासून देल्ले मी. अकरा! त्याईचंही असंच झालं असंन ना?"

लोहारीण म्हणाली, "झालं असंन काय, झालंच."

तो खाली बसला, डोकं धरून. मी उभाच. ओरडायला तोंड उघडलं, पण आता कोणावर ओरडायचं ते समजेना. एक शब्द, ताटात तूप वाढल्यासारखा वाढलेला, न त्याच्यापायी अकरा घरांतली धार गेली. कापणीच्या दिवसांत ती माणसं आपल्या मनगटाला दोष देत बसली असतील.

"उठ," मी म्हणालो. "नावं सांग. कोणाकोणाचे?"

त्या दिवशी आम्ही घरी गेलो नाही. चिखलीच्या वाटेवरच्या एका वस्तीवर पहिलं घर होतं. माणूस माझ्याच वयाचा, माझ्याहून ताठ. जावयाला पाहून खूश झाला, मी त्याचा सासरा हे कळल्यावर आणखीच. विळा दाखवला. "पाहा ना, चांदीसारखा केला पोरानं."

जावयानं मान खाली घातली. बोलायचं मलाच होतं.

"खराब केला," मी म्हणालो. "पाणी उतरलं याचं. भुईवर ठेवा, मी घेऊन जातो, दुरुस्तीले. भट्टीत चिरला तं नवा करून देऊ."

"तुमी कोण मले सांगणारे? जावयाच्या पाठीमागं सासरा फिरून राह्यला, लाज नाही वाटत त्याचं नाव खराब करता?"

"बाभळीवर मारून दाखव."

"कायले मारू? तुह्या बापाचा विळा आहे का?"

आम्ही दोघं म्हातारे तिथं अंगणात अर्धा तास भांडलो. शेवटी त्यानं रागानं अंगणाभोवतीच्या काटेरी कुपाटीतल्या बाभळीवर विळा हाणला. धार मुडपली. तो बघत राहिला, मग विळा माझ्या पायाजवळ फेकला.

अजून दहा घरं होती.