तुरीच्या आडची अंबाडी

तेवीस नोव्हेंबर. उगवतीच्या बांधावर जुन्या साड्या बांधायचं काम काढलं होतं. आमच्याकडे शेताला साड्या बांधतात त्या रानडुकरांना अडवायला. मी बांधत होते वाऱ्यासाठी. उदगीरच्या अलीकडच्या या माळावर दिवाळी सरली की उगवतीचं वारं सुटतं. सकाळी बोटं आखडतात, डोक्यावरचा पदर जागेवर राहत नाही. अशा रानात अंबाडी लावायची म्हटल्यावर नवऱ्याने विचारलं होतं, "लावायची कशाला? पाडायला?"

त्यांचं अगदीच चुकीचं नव्हतं. लागोपाठ तीन वर्षं माझी अंबाडी पडली होती. पावसाच्या तोंडाला पेरली की ती डोक्याच्या वर जाते, काडीसारखी सरळ. फुलाला येते तोवर वारं येतं आणि सगळी आडवी होते. खायला पाला मिळायचा, बी मिळायचं नाही. हे बी माझ्या माहेरचं, निलंग्याकडचं. पाला आंबट, पण घशाला न लागणारा. बाजारात जुडी मिळते ती लाल देठाची, तिची चव वेगळी. माझ्या डब्यात जुन्या बियांची शेवटची ओंजळ उरली होती, आणि जुनं बी दर वर्षी कमी उगवतं. यंदा बी धरलं नाही तर हा वाण संपला, एवढा सरळ हिशोब होता.

म्हणून यंदा पद्धत बदलली. पोळा होऊ दिला, मग पेरली. उशिरा पेरलेली अंबाडी दिवस लहान होताना पाहते आणि उंच व्हायचं सोडून फुलाच्या मागे लागते. उकिरड्याजवळ आपोआप उगवलेल्या एका झाडाकडे बघून हे माझ्या लक्षात आलं होतं. मांडीएवढी झाल्यावर शेंडे खुडले. फांद्या फुटल्या. चारी बाजूंनी तूर आधीच उभी होती, तिचा आडोसा. झाडं झाली बुटकी, दाट, बुंध्याला अंगठ्याएवढी. वारं तुरीवरून निघून जायचं आणि माझी अंबाडी खाली नुसती मान हलवायची. नोव्हेंबर संपत आला तरी एक झाड पडलं नव्हतं. त्या दिवशी साडीची गाठ मारताना मी स्वतःशीच गुणगुणत होते.

तेवढ्यात बांधावर मोटारसायकल थांबली. जमादार होते, ठाण्यात नवीन आलेले, नांदेड शहरातले. मागे पोलीस पाटील, म्हणजे माझे चुलत दीर. आमच्या भागात कुणी गांजा लावला तर तुरीच्या आतच लावतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कुणीतरी ठाण्यात सांगितलं होतं, तुरीत बुटकी झाडं आहेत, वर साड्याही लावल्यात.

"बाई, काय लावलंय हे?"

"अंबाडी."

"तुरीत लपवून?"

"लपवून न्हाई, साहेब. वाऱ्याला आडोसा."

"आणि साड्या?"

"त्या पण आडोशालाच."

"लईच जपता हो अंबाडीला!"

दीर मध्ये पडले, "साहेब, अंबाडीच हाय ही. लहानपणापासून खातोय."

"तुम्ही गप बसा पाटील. तुम्ही घरातलेच."

जमादारांनी शेंड्याचं पान तोडून तळहातावर ठेवलं. बोटं पसरल्यासारखं, कडेला बारीक दाते. आता खोटं कशाला बोलू, पान गांजासारखं दिसतंच. अंबाडीचं खालचं पान गोल असतं, वर जाईल तसं ते चिरत जातं. गोल पानं दाखवली असती तर तिथेच मिटलं असतं. पण ती आम्ही आठवड्यापूर्वीच ज्वारीच्या कण्या घालून खाल्ली होती.

"खाऊन बघा," मी म्हटलं. "आंबट लागलं तर अंबाडी."

"आणि नाही लागलं तर? ड्युटीवर गांजा खाल्ला म्हणून माझीच चौकशी!"

"मग चुरगाळून वास घ्या."

"सर्दी झालीय. या तुमच्या वाऱ्यानं."

त्यांनी फोन काढला, पानाचा फोटो घेतला आणि फोनला विचारलं. फोनने नाव दिलं. जमादारांनी ते मोठ्याने वाचलं, "हिबिस्कस कॅनाबिनस." मग माझ्याकडे बघितलं. "कॅनाबिस म्हणजे काय, माहीत आहे ना? फोनपण तेच सांगून राहिला."

"त्याच्या आधीचा शब्द काय?"

"ते आडनाव असेल."

"हिबिस्कस म्हणजे जास्वंद. शाम्पूच्या बाटलीवर असतं. फुलाच्या चित्राखाली."

दीर हसले. जमादार हसले नाहीत, पण विचारात पडले. माणूस वाईट नव्हता. वरून विचारणा झाली तर उत्तर त्यांना द्यायचं होतं. "ठीक आहे," ते म्हणाले. "जास्वंदीच्या जातीचं आहे म्हणता, तर जास्वंदीसारखं फूल दाखवा."

फूल नव्हतं. कळ्या होत्या, थंडीने मिटून बसलेल्या. अंबाडीचं फूल सकाळी उमलतं, दुपारपर्यंत मिटतं, आणि यंदा पहिलं फूलच अजून यायचं होतं.

"उद्या सकाळी येतो," जमादार म्हणाले. "फूल दिसलं तर ठीक. नाहीतर पंच आणून सगळं उपटून नेणार. तपासायला पाठवू."

तपासणीत अंबाडी निघाली असती यात शंका नव्हती. पण उपटलेल्या झाडाला बी धरत नाही.

ते गेल्यावर मी एकेक झाड बघत फिरले. आडोशाच्या बाजूच्या काही कळ्यांच्या टोकाला पिवळं दिसत होतं. उद्या उमलतील की परवा, सांगता येत नव्हतं.

जेवताना नवरा म्हणाला, "आपणच उपटून टाकू. उद्या गावादेखत पंचनामा झाला तर लेकीच्या सासरी काय सांगायचं? घरात कुणी सुपारीसुद्धा खात न्हाई आन नाव गांजात."

"आज उपटली तर गांजाच होता असं होतंय, अहो."

"आन उद्या फूल न्हाई आलं तर?"

"तर ते उपटतील. आपण न्हाई."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "पाडायला लावली म्हणलं होतं मी. उपटायला लावली असं न्हाई म्हणलं." मी आमटी वाढली आणि विषय संपवला.

सकाळी उजाडता उजाडताच रानात गेले. वारं होतंच. तुरीतून वाकून आत शिरले आणि उभी राहिले. आडोशाची सगळी ओळ फुलली होती. फिकट पिवळी, वाटीएवढी फुलं, मधोमध गर्द तांबडा डोळा. कुंडीतली जास्वंद त्यांच्यापुढे फिकी पडावी.

ऊन वर आल्यावर जमादार आले, मागे दीर. मी तूर बाजूला केली. त्यांनी फूल बघितलं, मधला तुरा बघितला, फोनवर जास्वंदीचं चित्र काढून शेजारी धरलं. मग इकडेतिकडे बघत एक पान तोंडात टाकलं. डोळे बारीक झाले, जबडा आवळला.

"ड्युटी संपली का, साहेब?" दिरांनी विचारलं.

"आंबट आहे," जमादार म्हणाले. "आमच्या घरी आई करते ती हीच की!" मग जरा थांबून, "एक जुडी मिळेल का, ताई? पैसे देतो."

काल बाई होते, आज ताई झाले. "पाला न्हाई मिळायचा," मी म्हटलं. "बी धरायचंय. संक्रांतीनंतर या, मूठभर बी देते. नांदेडला कुंडीत लावा. शेजाऱ्यांना मात्र आधी सांगून ठेवा."

ते मोठ्याने हसले आणि निघाले. बांधावर नवरा उभा होता. वाऱ्याने सुटलेली साडीची एक गाठ त्यांनी पुन्हा बांधली.

मी कमरेची सुतळी काढून विळ्याने तुकडे केले. सगळ्यांत बुटकी, सगळ्यांत जाड बुंध्याची, भरभरून फुललेली झाडं बियांसाठी निवडली आणि प्रत्येकाच्या बुंध्याला एक तुकडा बांधत गेले. यातलं एकही पान आता कुणी तोडायचं नाही, असं घरात सांगून टाकलं.