चेकरमावशींचा कागद

चेकरमावशींनी जन्मात कधी बास्केटबॉल हातात धरला नव्हता. आमच्या मंडळाचं सिमेंटचं कोर्ट त्यांच्या चाळीला अगदी लागून होतं, पण त्यावर त्यांनी पाऊलही ठेवलं नाही. त्या जे काही बघत ते पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून, लाकडी स्टुलावर बसून, मांडीवर चौकटीची वही घेऊन. आणि तरीही अंधेरी पूर्वेच्या त्या भागात कोणता खेळाडू किती पाण्यात आहे हे त्यांच्याइतकं नेमकं सांगणारं दुसरं माणूस नव्हतं. आमचे कोच, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो, ते शिट्टी गळ्यात घालून आयुष्यभर कोर्टावर उभे राहिलेले. तेही मॅच संपली की मान वर करून विचारत, "काय म्हणतो कागद?"

मावशी एमआयडीसीतल्या एका बॉलपेनच्या कारखान्यात चेकर होत्या. समोरच्या पट्ट्यावरून पेनं सरकत जायची, त्यातली ठरावीक उचलायची, कागदावर रेघ ओढायची, रेघ तुटली तर पेन बाजूला आणि वहीत खूण. वीस वर्षं हेच काम. पहिली पाळी करून चारच्या सुमाराला घरी यायच्या, चहा घ्यायच्या आणि पाचला सासूबाईंना घेऊन गॅलरीत बसायच्या. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिला खाली पोरं धावतायत एवढंच कळायचं आणि ती रोज विचारायची, "त्यातलो बरो कोण गो?" दुसरी कुणी असती तर कुठल्याही पोराचं नाव सांगून मोकळी झाली असती. मावशी म्हणाल्या, "मोजल्याशिवाय कसं सांगू, आई?" दुसऱ्या दिवशी त्यांनी वही विकत आणली.

खेळाचे नियम त्यांना कुणी शिकवले नाहीत. बघून बघून त्यांनीच ते लावून घेतले आणि नावंही आपली आपणच ठेवली. बास्केट झाली की बास्केटच, पण ज्याच्या पासमुळे ती झाली त्याच्या नावावर 'वाढप'. फळीवर आपटून परत आलेला बॉल पकडला की 'उचल'. बॉल समोरच्याला फुकट देऊन टाकला की 'सांडलं'. वाढपाला त्यांच्याकडे बास्केटइतकेच गुण होते. सरांनी एकदा हटकलं तर म्हणाल्या, "जेवणाऱ्याचं कौतुक सगळेच करतात. वाढणाऱ्याचं कोण करणार?" काही महिन्यांत आम्ही पोरंसुद्धा कोर्टावर 'सांडू नको, सांडू नको' असं ओरडायला लागलो होतो आणि बाहेरून आलेल्या टीम आमच्याकडे बघत राहायच्या.

आमच्यात एक होता, त्याला सगळे हिरो म्हणायचे. केस मानेपर्यंत, कपाळाला पट्टी, प्रत्येक मॅचमध्ये सगळ्यांत जास्त बास्केट त्याच्या. मावशी वहीतला हिशेब मांडून क्रमवारीचा एक कागद काढायच्या, त्यावर हा हिरो चौथा आला. भरसंध्याकाळी गॅलरीखाली उभा राहून तो तावातावाने भांडला. बाई, तुम्ही पेनं तपासा, बास्केटबॉल तुमचं काम नाही, असंही बोलला. मावशी शांतपणे म्हणाल्या की तू किती घातलेस ते सगळे बघतात, किती फेकलेस ते मी बघते, पटत नसेल तर तुझ्या माणसाला मोजायला बसव. त्याने खरंच धाकट्या भावाला आठवडाभर मोजायला बसवलं. मग एका संध्याकाळी जिना चढून वर गेला, चपला बाहेर काढल्या आणि विचारलं, "मावशी, आता काय करू ते सांगा." त्या वर्षी हिरो पास द्यायला शिकला. सरांना जे चार वर्षांत जमलं नव्हतं ते चौकटीच्या वहीनं केलं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

पण मी त्यांचा भक्त झालो तो वीस मिनिटांच्या हिशेबामुळे. मी बाकावरचा खेळाडू. मॅच हातातून गेली किंवा पुरती खिशात आली की सर मला शेवटची चार-पाच मिनिटं आत सोडायचे. कुणी चाळीस मिनिटं खेळतो, कुणी चार. दोघांना एका तराजूत कसं घालायचं? तेव्हा एक हाफ वीस मिनिटांचा असे. मावशींनी ठरवलं की प्रत्येकाचा आकडा वीस मिनिटांवर आणायचा. कोण कधी आत गेला, कधी बाहेर आला, हे त्या सासऱ्यांच्या जुन्या घड्याळावर बघून, त्या वेळच्या स्कोअरसह लिहीत. सगळ्या मोसमाचा हिशेब मांडला तेव्हा बाकावरचा मी दुसरा आलो. मावशींनी सरांना वर बोलावून कागद दाखवला. पुढच्या मॅचपासून मी खेळायला लागलो. वीस वर्षांचा होतो मी. माझ्यात काही आहे असं सांगणारं ते पहिलं माणूस, आणि तेही आकड्यानिशी.

डॉमनिक त्याच कागदावर तळाला असायचा. गावठाणातला मुलगा, माझ्यापेक्षा वीतभर उंच, बोलणं जेमतेम. त्याच्या बास्केट नाहीत, वाढप नाही, उचलही फारशी नाही. खेळून आल्यावर सगळे गॅलरीकडे बघायचे, हा खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायचा. मावशींना त्याचं वाईट वाटायचं. "चांगला पोरगा आहे रे," त्या मला म्हणायच्या, "पण कागदावर काही येतच नाही."

गिरणी संपाला तेव्हा तीनेक वर्षं झाली होती. माझे वडील घरी बसलेले, आईने शिवण सुरू केलेलं. त्याच वर्षी आमची टीम उपनगरच्या नावाने मोठ्या स्पर्धेला जाणार होती आणि एका सरकारी कंपनीचे लोक तिथे नोकरीसाठी खेळाडू बघायला येणार होते. बारांतले अकरा सरांनी जुने, मुरलेले म्हणून आधीच ठरवले. बाराव्या जागेसाठी मी आणि डॉमनिक. सरांचा ओढा डॉमनिककडे होता, पण का ते त्यांना सांगता येईना. शेवटी त्यांनी कागद मागवला. कागदावर मी दुसरा आणि डॉमनिक शेवटचा. बाराव्या जागी माझं नाव लागलं. आईने त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली.

डॉमनिक सरावाला यायचा बंद झाला, ते साहजिकच होतं. पुढच्या दोन आठवड्यांत आम्ही आसपासच्या टीमशी तीन मॅच खेळलो आणि वहीत विचित्र प्रकार दिसायला लागला. सगळ्यांचेच आकडे घसरले. हिरोचे, माझे, अगदी कधी न चुकणाऱ्या कॅप्टनचेसुद्धा. मावशींना आधी स्वतःवरच शंका आली. त्यांनी जाऊन चष्म्याचा नंबर तपासून घेतला. नंबर तोच होता. मग त्यांनी कारखान्यात करतात तसा विचार केला. एका मशीनचा माल बिघडला तर दोष त्या मशीनचा. सगळ्या मशीनचा माल एकाच आठवड्यात बिघडला तर मशीन बघत बसायचं नाही, त्या आठवड्यात काय बदललं ते बघायचं. आणि बदललं होतं एकच. शनिवारी रात्री त्यांनी मोसमाच्या तिन्ही वह्या काढल्या आणि डॉमनिक आत असतानाचा खेळ आणि बाहेर असतानाचा खेळ वेगळा करून मांडला.

रविवारी सकाळी त्या आमच्या खोलीवर आल्या. त्या कुणाच्या घरी गेल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं. सासूबाईंना शेजारणीकडे बसवून आल्या होत्या. वह्या जमिनीवर उघडून ठेवल्या आणि मला समोर बसायला सांगितलं. डॉमनिक आत असला की आपली टीम पुढे जाते, म्हणाल्या, आणि त्याच्या जागी तू आलास की ती आघाडी जाते. हे एकदा नाही, मोसमभर. समोरच्या टीमच्या आडदांड पोरांना तो अडवून धरतो म्हणून आपल्याला उचल मिळते. तो मध्ये उभा राहतो म्हणून हिरो मोकळा सुटतो.

"मी बॉल बघत होते रे," त्या म्हणाल्या. "पट्ट्यावर येईल तेवढंच तपासायचं, तीच माझी सवय. हा पोरगा बॉलच्या वाटेला जातच नाही. म्हणून तो माझ्या कागदावर आलाच नाही. चूक माझी असा," शेवटचं त्या गावच्या बोलीत म्हणाल्या.

वडील भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी हळू आवाजात म्हणालो, "मावशी, स्पर्धा झाल्यावर सांगा ना सरांना. चारच दिवस राहिलेत."

त्यांनी वह्या मिटल्या. माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं. "तुझ्या घरचं मला ठाऊक आहे, म्हणून आधी इथे आले. पण कागद माझा आहे. चुकीचा आहे हे कळल्यावर मी तो सरांकडे ठेवू शकत नाही." आईने दिलेला चहा त्यांनी पूर्ण प्यायला आणि तशाच सरांकडे गेल्या. राग तर मला आलाच. पण तेव्हाही मला आत कुठेतरी कळत होतं की असं माणूस मी परत बघणार नाही. स्वतःचा नावलौकिक ज्या कागदावर उभा होता तोच त्या आपल्या हाताने फाडायला निघाल्या होत्या.

सोमवारी सरांनी मला बोलावलं. नावं वर संघटनेकडे गेली होती, ती आता बदलायची तर एकच मार्ग होता: मी स्वतःहून माघार घेतो असं लिहून द्यायचं. सरांनी जबरदस्ती केली नाही. एक कोरा कागद आणि पेन पुढे ठेवलं आणि विचार कर म्हणाले. मी म्हटलं, घरी विचारून सांगतो. घरी मी कुणालाच विचारलं नाही. तीन दिवस मी गॅलरीसमोरून गेलो नाही, मागच्या गल्लीतून जा-ये केली. गुरुवारी टीम निघाली आणि मी तिच्यात होतो.

मी वाईट खेळलो नाही. कंपनीने आमच्यातले तिघे घेतले, त्यात मी एक. नेमणुकीचं पत्र घेऊन मावशींच्या पाया पडायला गेलो. त्यांनी पत्र नीट वाचलं, हातावर साखर ठेवली, आता घराकडे बघ म्हणाल्या. त्या दिवसाबद्दल एक शब्द नाही. डॉमनिकसाठी त्यांनी आपल्या कारखान्यात शब्द टाकला होता. तो आधी पॅकिंगला लागला आणि पुढे त्यांच्याच शेजारच्या स्टुलावर चेकर झाला. वहीत मात्र त्यांनी एक नवं घर आखलं. आता प्रत्येक बास्केटला, आपली असो की समोरच्यांची, कोर्टावर कोण कोण उभं आहे ते सगळं लिहायच्या, मान एकदा खाली, एकदा वर. हल्ली टीव्हीवर परदेशी सामने लागतात आणि पडद्यावर अमुक खेळाडू आत असताना टीम किती पुढे गेली, असाच आकडा झळकतो. तज्ज्ञ मंडळी त्यावर गंभीर चेहऱ्याने बोलतात. माझी मुलं ते मला समजावून सांगायला लागतात तेव्हा मी नुसती मान डोलावतो. मी तो आकडा चाळीच्या गॅलरीत शिसपेन्सिलीने मांडलेला पाहिला आहे.

पुढे सासूबाई गेल्या, चाळ पडली, मावशी दहिसरला भाच्याकडे राहायला गेल्या. मी भेटायला जायचो, पण दिवाळीचा फराळ देऊन दहा मिनिटांत उठायचो. नोकरीला एकोणीस वर्षं झाली त्या सुमाराला त्या आजारी असल्याचं कळलं. गेलो तेव्हा पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, अगदी एवढ्याशा झालेल्या. त्या दिवशी मला उठवेना. सरांनी पुढे ठेवलेल्या कोऱ्या कागदाची गोष्ट मी पहिल्यांदा कुणालातरी सांगितली.

"ठाऊक आहे," मावशी म्हणाल्या. "नाव बदलायचा मार्ग कोणता, ते सरांना मीच विचारलं होतं."

म्हणजे एकोणीस वर्षं त्यांना माहीत होतं. साखर हातावर ठेवली तेव्हाही. मी विचारलं, "मग मला कधी बोलला का नाहीत?"

"माझी चूक मी सांगितली. तुझी मी कशी सांगणार?" एवढंच म्हणून त्यांनी डोळे मिटले. थकल्या होत्या. भाचेसुनेने त्यांना नीट निजवलं. त्यानंतर महिन्याभरात त्या गेल्या, ती आमची शेवटची भेट.

त्या दिवशी दहिसरहून मी घरी गेलो नाही. तडक गावठाणात गेलो. डॉमनिकचं घर तेच होतं, पुढे क्रूस, बाजूला केळी. दार त्यानेच उघडलं. केस पांढरे झालेले, उंची तेवढीच. आत बसलो असतो तर मी हवापाण्याच्या गप्पा मारून परत आलो असतो, म्हणून उंबऱ्याबाहेर उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सही मागितली होती, मी केली नाही, तुझी जागा मी घेतली. मावशींना चूक सापडल्यापासून ती सांगेपर्यंत एक रात्र लागली होती. मला एकोणीस वर्षं लागली.

माझं संपल्यावर डॉमनिक दारातून बाजूला झाला आणि आत यायची खूण केली.

"मावशी बोलली होती मला, तू येशील म्हणून," तो म्हणाला. "कशासाठी ते नाही सांगितलं. तू पोरगा चांगला आहेस, वेळ लागेल पण येशील, एवढंच बोलली."

"कधी बोलल्या?" मी विचारलं. मला वाटलं, आजारपणात कधीतरी.

"तेव्हाच रे," डॉमनिक म्हणाला. "तुमची टीम स्पर्धेला निघाली ना, त्याच दिवशी."