लाइनवर तिसरं कोण?

आमच्या मावशीला घरात सगळे हॅलोमावशी म्हणतात. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होती आणि वाजलेला फोन तिनं कधी उचलल्याशिवाय सोडला नाही. निवृत्तीनंतर दोन वर्षं ती घरात नुसती भिरभिरत होती. मग एका दवाखान्यानं घरबसल्या काम देऊ केलं: रुग्णांचे फोन घ्यायचे आणि कॉम्प्युटरवर त्यांची वेळ नोंदवायची. रुग्णांची नावं, दुखणी सगळं त्यावर येणार, म्हणून सोमवारी कॉम्प्युटरची तपासणी होती. आत काही नको ते सापडलं, तर काम नाही. मावशीला ते काम अगदी मनापासून हवं होतं.

शनिवारी सकाळी मी तो कॉम्प्युटर उघडला आणि डोक्याला हात लावला. पडद्यावर जाहिरातींच्या खिडक्यांची नुसती झुंबड. एक बंद करावी, तर दोन उघडत.

"मावशी, हे सगळं कुठून गोळा केलंस?"

"मी कुठं गोळा केलं? ते विचारत होते, मी 'होय' म्हणत होते. समोरचा विचारतोय आणि आपण गप्प बसायचं? बरं दिसतं का ते?"

म्हणजे बाईनं उघडलेली प्रत्येक खिडकी फोनसारखी उचलली होती! मी मुळातच तापट. "तुला यातलं काही म्हणजे काही कळत नाही," असं फाडकन बोलून गेले. तिचा चेहरा एवढासा झाला, आणि मला माझीच लाज वाटली.

मग मी खुर्ची ओढून नीट समजावलं. जाहिराती नुसता वैताग देतात. पण गाणी ऐकायला घेतलेल्या त्या फुकटच्या प्रोग्रामबरोबर आणखी एक आत शिरलाय. तू जे टाइप करतेस, ते तो वाचतो आणि बाहेर कुणाला तरी पाठवतो.

मावशी ताठ बसली. "म्हणजे लाइनवर तिसरं कोणीतरी आहे?"

"हो."

"एकतीस वर्षांत मी कुणाचं बोलणं चोरून ऐकलं नाही, आणि हा मेला माझ्याच घरात बसून ऐकतोय? हाकल त्याला!"

"तूच हाकल," म्हणत मी माऊस तिच्या हातात दिला.

आधी इंटरनेट बंद केलं. मग एकेक आगंतुक प्रोग्राम तिनं स्वतः काढला. पेनड्राइव्हवरून अँटीव्हायरस टाकून सगळा कॉम्प्युटर दोनदा तपासला, आणि सगळे पासवर्ड माझ्या फोनवरून बदलले. संध्याकाळपर्यंत पडदा लख्ख झाला होता.

सोमवारी मी सुट्टी टाकून गेले. बरोबर दहाला पडद्यावर खिडकी उघडली: 'दवाखान्याकडून तपासणी. परवानगी द्या.'

"अगं, दाब ना 'होय'!" मी म्हणाले.

"तू ओळखतेस यांना?" तिनं विचारलं, आणि दवाखान्याच्या नेहमीच्या नंबरवर फोन लावला. तिथून खात्री मिळायला तब्बल वीस मिनिटं लागली. मी सारखी घड्याळ बघत होते. आता तपासणारा वैतागून निघून जाणार आणि कामही जाणार. मावशी मात्र निवांत होती. खात्री पटल्यावरच तिनं 'होय' दाबलं.

तासाभरानं तपासनिसाचा फोन आला. "कॉम्प्युटर स्वच्छ आहे. आणि बाई, आजवर इतकं ताटकळत मला कुणीच ठेवलं नव्हतं. रुग्णांची माहिती तुमच्याकडे निर्धास्त सोपवता येईल. उद्यापासून सुरू करा."

मावशीनं फोन ठेवला आणि डोळे पुसत माझ्याकडे बघितलं. "काय गं, मला यातलं काही कळत नाही ना?"

मी माझे कान धरले.