चौसष्ट खोल्यांपैकी तेवीस

इंटरनेटवरच्या नव्या सोयींचं मला वेड आहे, आणि हे मी कौतुकानं सांगत नाही. फोटो लहान करून देणारं, पानाला रंगीत चौकट लावून देणारं, किती माणसं येऊन गेली ते मोजून दाखवणारं, असं काहीही नवीन दिसलं की मी आधी नाव नोंदवतो आणि मग ते कशासाठी वापरायचं याचा विचार करतो. माझी स्वतःची वेबसाइट वीसेक वर्षांपासून आहे. मधली काही वर्षं ती बंद होती. ती का बंद होती आणि त्यात काय गेलं, हे मला इथे लिहायचं आहे. ही गोष्ट मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

माझं लहानपण कल्याणजवळ मोहन्याला कारखान्याच्या कामगार वसाहतीत गेलं. आमच्या चाळींत मिळून चौसष्ट खोल्या होत्या. वडिलांबरोबर फिटर असलेले एक गृहस्थ आमच्याच रांगेत राहायचे. त्यांना सगळे काका म्हणत, मीही म्हणायचो. काकांना एक छंद होता. सुट्टीच्या दिवशी ते वही घेऊन एकेका खोलीत जात, बसत, आणि घरातल्या बाईला किंवा म्हाताऱ्या माणसाला एकच विचारत: या खोलीत तुमचा पहिला दिवस कसा गेला? उत्तर त्या माणसाच्याच शब्दांत लिहून घेत. कुणी सावंतवाडीहून आलेलं, कुणी जुन्नरकडचं, कुणी खानदेशातलं. चौसष्ट खोल्या पुऱ्या करायला त्यांना तीन वर्षं लागली. लांबट, कापडी पाठीची वही होती ती.

पुढे कारखाना बंद झाला आणि माणसं पांगली. आम्ही डोंबिवलीला आलो. मला नोकरी लागली, घरी कॉम्प्युटर आला आणि मी वेबसाइट सुरू केली. एकदा काका भेटायला आले तेव्हा मी त्यांना ती दाखवली. ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग पुढच्या रविवारी वही घेऊन आले आणि म्हणाले, हे तुझ्या त्याच्यात घाल, म्हणजे कुठेही गेलेल्या माणसाला वाचता येईल. त्यांच्या डोळ्यांत तेव्हाच मोतीबिंदू उतरत होता. वही देताना त्यांनी एकच अट घातली, एक शब्दही बदलायचा नाही.

मी जोरात सुरुवात केली. पहिल्या महिन्यात तेवीस नोंदी टाइप केल्या. मग मला वाटलं, पान जरा साधं दिसतंय. म्हणून मी वर सरकणारी ओळ घातली. मग पाहुण्यांची संख्या मोजणारा आकडा. मग अभिप्रायाची वही. मग ‘नवीन’ असं लुकलुकणारं चिन्ह, जे नवीन काहीही नसताना महिनोन्‌महिने लुकलुकत होतं. प्रत्येक सोय बसवायला एकेक रविवार जायचा. बायको एकदा म्हणाली, पाटी रंगवता रंगवता दुकान उघडायचं राहून जाईल. मी हसलो. चोविसावी नोंद मी कधीच टाइप केली नाही.

काकांनी फोनवर विचारलं की झालं का रे सगळं, तेव्हा मी म्हणालो, झालं. चाळीस-एक्केचाळीसच तर उरल्यात, आठवड्याभरात करून टाकू, असं मनात धरून म्हणालो. खोटं बोलताना माणूस असा थोडा उधारीवर बोलतो. काकांना आता वाचता येत नव्हतं, त्यामुळे तपासून बघणारं कुणी नव्हतं.

मग घोडबंदर रोडला घर घेतलं. सामान बांधण्याच्या दिवशी बायकोनं पोटमाळ्यावरचं एक खोकं दाखवून विचारलं, हे न्यायचं की रद्दीत द्यायचं? मी उघडून पाहिलं नाही. म्हणालो, देऊन टाक, त्यातलं सगळं वेबसाइटवर आहे. वही त्या खोक्यात होती. हे मला चार महिन्यांनी, वही शोधूनही सापडेना तेव्हा कळलं, आणि कळल्यावर मी कुणाला सांगितलं नाही. वेबसाइटला फुकट जागा देणारी जी सेवा होती, तीही पुढे बंद झाली. तशी आगाऊ सूचना आली होती, पण ती माझ्या जुन्या मेलवर, जो मी उघडणं सोडलं होतं. तोवर मी फोटोंच्या दुसऱ्याच कुठल्यातरी नादाला लागलो होतो.

मागच्या वर्षी वसाहतीतल्या लोकांचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला आणि मेळावा ठरला. काकांच्या मुलीचा फोन आला. काका सत्त्याऐंशीचे झालेत, मोहन्यालाच असतात, दिसत जवळपास नाही, पण मेळाव्यात त्यांच्या वहीतलं वाचन व्हावं अशी त्यांची इच्छा आहे. ती म्हणाली, “दादा, वही तुमच्याकडेच आहे ना?” मी म्हणालो, आहे, कपाटात आहे. दुसऱ्यांदा खोटं.

फोन ठेवल्यावर मी शोधाशोध सुरू केली. जुन्या सीडींच्या चळतीत एका सीडीवर माझ्याच अक्षरात ‘साइट’ असं लिहिलेलं सापडलं. ऑफिसातल्या एकाकडून सीडी चालवणारं यंत्र आणलं. फाइली उघडल्या, पण मराठीचा पत्ता नव्हता. डॉलर, कंस, उलटे स्वल्पविराम, भलतीच चिन्हं. आमच्या पिढीनं मराठी टाइप करायला सुरुवात केली तेव्हा प्रत्येक फॉन्टची पद्धत वेगळी असायची. तो फॉन्ट कॉम्प्युटरवर नसेल तर लिहिलेलं कुणालाच वाचता येत नसे. माझा फॉन्ट डोंबिवलीतल्या एका छपाईवाल्याकडून फ्लॉपीवर आणलेला होता. फ्लॉपी गेली, छपाईवालाही दुकान आवरून गेला. जुने फॉन्ट बदलून देणाऱ्या सोयी इंटरनेटवर आहेत, त्या सगळ्या करून बघितल्या. माझ्या फॉन्टला एकही लागू पडली नाही.

मग मी ठरवलं की किल्ली आपणच तयार करायची. त्यासाठी एक तरी मजकूर असा हवा होता जो मला शब्द न्‌ शब्द माहीत आहे. तो होता. आमच्या खोलीची नोंद, माझ्या आईच्या शब्दांतली. आई ती गोष्ट जन्मभर तशीच सांगत आली होती: “आम्ही सांगलीकडून आलो. पहिल्या दिवशी स्टोव्ह पेटला नाही. शेजारच्या बाईंनी न विचारता पातेलंभर भात पाठवला. भांडं रिकामं परत देत नाहीत म्हणून मी त्यात गुळाचा खडा घातला. घरात तेवढंच होतं. त्या म्हणाल्या, आता तुम्ही आमच्या.”

ते शब्द एका कागदावर लिहिले, शेजारी ती चिन्हं लिहिली, आणि कुठल्या अक्षराला कुठलं चिन्ह याचा तक्ता करायला बसलो. रोज ऑफिसला निघण्याआधी तासभर. जोडाक्षरांनी फार छळलं. वेलांटी अक्षराच्या आधी येई, रफार कुठेतरी पुढे पडलेला असे. पाच आठवड्यांत तेवीसच्या तेवीस नोंदी वाचता येऊ लागल्या. मी साइट परत उभी केली. पांढरं पान, काळी अक्षरं, आणखी काही नाही. तीन ठिकाणी प्रती ठेवल्या, शिवाय कागदावर छापून एक गठ्ठा बांधला. अभिमान वाटावा असं काम होतं. पण तक्ता करताना दर सकाळी एक गोष्ट माझ्या समोर येत होती, आणि ती मी बाजूला सारत होतो.

मेळाव्याच्या आधीच्या रविवारी मोहन्याला गेलो. काका खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. मी एकेक नोंद वाचली. ते मध्येच हसायचे, मध्येच पुढचं वाक्य माझ्याआधी म्हणायचे. तेविसावी संपली तेव्हा त्यांनी मान पुढे केली. “पुढे?”

मी सांगितलं. टाइपच केलं नव्हतं, हे सांगितलं. झालं म्हणून सांगितलं ते खोटं होतं, हे सांगितलं. वहीचं सांगताना क्षणभर मनात आलं की घर बदलताना गहाळ झाली म्हणावं. हमालांनी, बायकोनं, कुणीही हरवली असेल. पण म्हणालो, “रद्दीत गेली, काका. मी द्यायला सांगितली. न बघता.”

मुलगी चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली. काकांची बोटं मांडीवर हलत होती, जणू ते काही मोजत होते. मग त्यांनी विचारलं, “तुमची खोली कितवी?”

“बावन्नावी.”

“मग पहिल्या तेविसात ती कशी आली?”

हीच ती गोष्ट. टाइप करायला बसलो तेव्हा वही उघडून मी आधी आमचं पान काढलं होतं. रांग मोडून आमची खोली सगळ्यांत वर घातली होती, मग पहिल्यापासून सुरुवात केली होती. म्हणून माझी आई राहिली. आणि ज्यांनी तिला भात पाठवला त्या शेजारच्या बाईंची त्रेपन्नावी खोली गेली.

“तुझं घर तेवढं वाचवलंस,” काका म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “मेळाव्यात मी काही बोलणार नाही. तूच सांग.”

मी सांगितलं. कल्याणच्या एका शाळेच्या सभागृहात शे-सव्वाशे माणसं होती. काका पहिल्या रांगेत होते. आधी तेवीस नोंदी वाचल्या, मग उरलेल्या एक्केचाळीस कशा गेल्या ते, आमची खोली रांग मोडून आधी घातल्याचंसुद्धा, सांगितलं. मागून एक बाई म्हणाल्या, बरं झालं, आमच्या सासूबाईंनी माझ्याबद्दल काय काय सांगून ठेवलं असेल देवाला ठाऊक. लोक हसले. मलाही हसून सुटायची संधी होती. पण एक माणूस हसला नाही. माझ्याच वयाचा होता. जेवणाच्या वेळी माझ्यापाशी आला आणि म्हणाला, आमच्या आईला लिहिता येत नव्हतं, तिचं म्हणून तेवढंच होतं. मी माफी मागितली. तो म्हणाला, “माफी ठेवा तुमच्याकडे. तिचं मी काय करू?” आणि ताट घेऊन दुसऱ्या टेबलाशी गेला. त्याचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी मी साइटच्या पहिल्या पानावर चौसष्ट आकडे लिहिले. तेवीस आकड्यांपुढे नोंदी. बाकीच्यांपुढे: ही नोंद माझ्या हलगर्जीपणामुळे हरवली आहे, या खोलीतलं कुणाला काही आठवत असेल तर मी येऊन लिहून घेईन. आमची खोली बावन्नाव्या जागी नेली. बायकोनं वाचलं आणि विचारलं, एवढं स्पष्ट लिहायची गरज आहे का, तुमच्या ऑफिसातलेही वाचतात. मी म्हणालो, वाचू देत. ती म्हणाली, मग खाली फोन नंबरही मोठ्या अक्षरात टाका, म्हाताऱ्या माणसांना बारीक दिसत नाही. टाकला.

तेव्हापासून रविवारी मी घरोघर जातो. बदलापूर, टिटवाळा, डोंबिवली, कळवा. मूळ सांगणारी माणसं बहुतेक गेलेली आहेत. त्यांच्या सुना, मुलं आठवून सांगतात, आणि प्रत्येक जण आधी म्हणतो, मला नीट आठवत नाही. मग अर्ध्या तासानं बरंच आठवतं. सुरुवातीला मी मोबाइलवर बोललेलं आपोआप लिहून देणारी सोय वापरली. पण ती मालवणी बाईंचं बोलणं परस्पर शुद्ध करून टाकायची, तेव्हा बंद केली. आता पेननं लिहितो. घरी येऊन टाइप करतो, त्याच संध्याकाळी, आणि काकांना फोनवर वाचून दाखवतो. पहिल्या तीन वेळा त्यांनी ऐकून नुसतं ‘बरं’ म्हटलं. चौथ्या वेळी म्हणाले, “ही एकोणचाळीसवाली अशी नव्हती सांगत. ती आधी नवऱ्याला शिव्या द्यायची, मग सुरू व्हायची.” मग शिव्यांसकट त्यांनी मला चार ओळी सांगितल्या. त्यांना त्या इतक्या वर्षांनी आठवत होत्या. मी त्या सुनेच्या आठवणीखाली, काकांच्या आठवणीतून असं म्हणून घातल्या.

काकांनी मला माफ केलंय का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि विचारणार नाही. तो प्रश्न माझ्या सोयीचा आहे, त्यांच्या नव्हे. एवढंच की आता रविवारी संध्याकाळी सातनंतर माझा फोन गेला नाही तर त्यांचा येतो.

अकरा खोल्या परत भरल्या. तीस उरल्या. काही कधीच भरणार नाहीत, त्यांची माणसं कुठे आहेत हे कुणालाच ठाऊक नाही. त्यांच्यापुढचं वाक्य तसंच राहील. त्रेपन्नाव्या खोलीचा शोध मागच्या आठवड्यात लागला. त्या बाईंची धाकटी मुलगी दिवा स्टेशनजवळ राहते. फोनवर तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, साइट बघितलीय मी, तुमची आईच दिसते तिथे, आमची नाही. मी म्हणालो, हो, म्हणूनच यायचंय. ती म्हणाली, रविवारी साडेनऊपर्यंत नळाला पाणी असतं, तोवर मी कुणाशी बोलत नाही, त्यानंतर या.

पावणेदहाला पोहोचेन असं मी तिला सांगितलं आहे.