उरलेलं अर्धं औषध

आमच्या वॉर्डात तिला सगळ्या धाकटी म्हणतात. चौतिशी गाठली, एका लेकीची आई झाली, तरी धाकटीच. पाठ मोडेस्तोवर ड्युट्या करता करता वेदना थांबवायच्या इंजेक्शनची सवय तिला लागली ती इथेच, आमच्या नाकाखाली.

नियम असा, की अर्धंच औषध द्यायचं असेल तर उरलेलं दोघींनी उभं राहून बेसिनमध्ये सोडायचं आणि दोघींनी सही करायची. आता कामाच्या धबडग्यात कोण उभं राहतंय! "टाकलंस ना गं?" "टाकलं, ताई." की केली मी सही. वर्षभर ते उरलेलं तिच्या अंगात जात होतं आणि खाली सही माझी, वॉर्डच्या मुख्य सिस्टरची. चौकशीत तिने सगळं स्वतःवर घेतलं. "मीच फसवलं ताईंना," म्हणाली. मीही गप्प बसले. लाज वाटते सांगायला, पण बसले.

तीन महिने उपचार घेऊन ती कामावर परत आली. अटी कडक: औषधांच्या कपाटाला हात लावायचा नाही, त्या औषधाजवळ एकटीने थांबायचं नाही, दर आठवड्याला लघवीची तपासणी. असे सहा महिने निभावले की सासूकडे ठेवलेली लेक तिला परत मिळणार होती. बाकीच्या पोरी तिला पाहून पर्स कुलपात ठेवायच्या. जात्यातले रडतात, सुपातले हसतात, दुसरं काय! मी एकेकीला चांगलं फैलावर घेतलं.

आणि चौथ्या महिन्यात माती खाल्ली ती मीच. कॅन्सरच्या आजोबांना अर्धं इंजेक्शन दिलं, तोच पलीकडच्या खोलीतली बाई कोसळली. सिरिंज ट्रेमध्ये टाकून मी धावले. धाकटी आजोबांची चादर बदलत होती, हे ध्यानातच राहिलं नाही. वीस मिनिटांनी परत आले तर ही ट्रेसमोर उभी, हात पाठीमागे घट्ट धरलेले, घामाने चिंब.

"ताई, हाका मारल्या, कुणी आलं नाही. हात नाही लावला मी. पण इथून हलताही येईना."

मी वाकून माप पाहिलं. थेंबही कमी नव्हता. तिच्यासमोर ते बेसिनमध्ये सोडलं आणि म्हटलं, "झालं गेलं. कुणी पाहिलं नाही, लिहायची गरज नाही."

"लिहा, ताई. तेव्हाही कुणी पाहिलं नव्हतं."

थोबाडीत बसल्यासारखं झालं मला. सगळं लिहिलं, चूक माझी हेही लिहिलं. जुन्या सह्यांचं मात्र लिहवलं नाही.

वरच्यांनी मला तोंडी समज दिली, संपलं. धाकटीची तपासणी स्वच्छ आली, तरी औषधाजवळ एकटी थांबली म्हणून तिला चादरी-कपड्यांच्या खोलीत धाडलं आणि सहा महिने पुन्हा पहिल्यापासून. त्या हुकमाचा कागद तिला द्यायचं काम माझ्यावरच आलं. तिने तो दोनदा वाचला.

"ताई," ती म्हणाली, "आज मला सुईशिवाय दोनशे दिवस झाले. सकाळपासून कुणाला तरी सांगायचं होतं."